चेहरा बदलला तरी डॉक्टर तोच कसा?

भाऊबीज उलटली की मोहाडी तालुक्यात मंडया सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची. दिवसभर दुकानं, पाळणे, पाहुणेरावळे. रात्री दंडार, खडी गंमत, नाहीतर वडशाहून ठरवून आणलेलं झाडीपट्टीचं नाटक. पुढे शंकरपट लागले की नाटकांचा जोर आणखी वाढतो. एकच नाटक हंगामभर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या गावांतून फिरतं. मग कधीतरी असं होतं, की पाहुणपणाला गेलो तिथं पाहिलेलं नाटक काही दिवसांनी आपल्याच गावात येतं आणि नायकाच्या जागी भलताच माणूस उभा असतो. पहिला आजारी पडला असेल, दुसऱ्या कंपनीत गेला असेल, नाहीतर त्या तारखेला मोकळा नसेल. मांडवात कुजबुज होते, "हा तं तो नोहोय गा!" दोन-तीन प्रवेश होईपर्यंत कुजबुज विरते. आणि पहाटे शेवटच्या अंकात तोच कुजबुजणारा गमछ्यानं डोळे पुसत असतो.

हे होतं कसं? चेहरा वेगळा, आवाज वेगळा, उंचीसुद्धा वेगळी. खऱ्या आयुष्यात आपला शेजारी एका रात्रीत असा बदलून आला तर आपण पोलीसपाटलाला बोलावू. नाटकात मात्र आपण ते मुकाट्यानं पचवतो.

या पचवण्याचा एक फार लांबलेला प्रयोग ब्रिटनमध्ये चालू आहे. बीबीसीची 'डॉक्टर हू' ही विज्ञान मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली, मधे काही वर्षं बंद पडली, पुन्हा उभी राहिली. तिचा नायक एकच, पण त्याला आजवर डझनावर नटांनी चेहरा दिला. आपल्याकडे विज्ञान मालिका इतकी टिकलीच नाही की नायक बदलायची पाळी यावी. मिलिंद सोमणचा 'कॅप्टन व्योम' १९९८ मध्ये दूरदर्शनवर आला आणि दुसरा व्योम शोधायच्या आतच संपला. पण नायक बदलून नाटक चालू ठेवण्याचा अनुभव मराठी रंगभूमीला शंभर वर्षांहून जास्त आहे. म्हणून हे कोडं सोडवताना थोडं लंडनला आणि थोडं मिरज-पुण्याला जावं लागेल.

आधी डोळ्यांची परीक्षा

आपल्याला वाटतं, समोरचा माणूस बदलला तर ते आपल्या लगेच ध्यानात येईल. डॅनियल लेव्हिन आणि डॅनियल सायमन्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये याचीच परीक्षा घेतली. त्यांनी अगदी छोटी फिल्म बनवली. एक माणूस टेबलाशी बसलाय, फोन वाजतो, तो उठून दाराकडे जातो. दृश्य बदलतं आणि पुढच्या दृश्यात फोन उचलतो तो दुसराच नट. फिल्म पाहणाऱ्यांपैकी साधारण दोनतृतीयांश लोकांच्या हा बदल लक्षातच आला नाही. विचारलं तर ते सांगत, एक माणूस उठला आणि त्यानं फोन घेतला.

पुढच्या वर्षी त्यांनी हेच रस्त्यावर करून पाहिलं. विद्यापीठाच्या आवारात एक अनोळखी माणूस वाटसरूला रस्ता विचारतो. वाटसरू सांगू लागतो. तेवढ्यात दोघं जण एक भलंमोठं दार आडवं धरून दोघांच्या मधून जातात. दाराआड विचारणारा माणूस बदलतो. दार पुढं जातं आणि वाटसरू नव्या माणसाला राहिलेला रस्ता सांगू लागतो! जवळपास निम्म्या लोकांना काही कळलं नाही. यातली खरी गंमत पुढं आहे. ज्यांच्या लक्षात आलं ते बहुतेक विचारणाऱ्याच्याच वयाचे विद्यार्थी होते. मग विचारणाऱ्यांना बांधकामावरच्या मजुरांचे कपडे घालून तसल्याच विद्यार्थ्यांसमोर उभं केलं, तर बदल ओळखणारे एकतृतीयांशच निघाले. विद्यार्थ्यांनी 'एक मजूर रस्ता विचारतोय' एवढंच मनात टिपलं होतं. नंतरही मजूरच उभा होता. हिशेब जुळला.

म्हणजे आपलं मन समोरच्या माणसाचा फोटो काढून ठेवत नाही. तो कोण आहे, काय करतोय, कपडे कसले आहेत, एवढ्याची ढोबळ नोंद ठेवतं. काम तेच पुढं चालू राहिलं तर करणाराही तोच, असं धरून चालतं. रंगमंचावर तर या ढोबळ नोंदीला सगळी मदत तयारच असते. तोच फेटा, तोच कोट, तोच वाडा, तीच हाक.

पण हे स्पष्टीकरण अर्धंच आहे. ज्या नटाच्या नावावर तिकीट काढलंय त्याचा चेहरा तर प्रेक्षक निरखूनच पाहतो. तिथं बदल लपत नाही. मांडवातल्या त्या माणसालाही तो पहिल्या मिनिटालाच दिसला होता. दिसला, खटकला, आणि तरीही त्यानं स्वीकारला. मग डोळ्यांच्या पलीकडं काहीतरी असलं पाहिजे.

१९६६ची अडचण

'डॉक्टर हू'चा पहिला डॉक्टर होता विल्यम हार्टनेल. पांढऱ्या केसांचा, चिडका, मधेच मायाळू होणारा म्हातारा. पोलिसांच्या निळ्या टेलिफोन-पेटीसारख्या दिसणाऱ्या यानातून तो काळातून आणि अवकाशातून हिंडतो. पेटी बाहेरून कपाटाएवढी, आत शिरलं की प्रशस्त. पहिल्या कथेचा दिग्दर्शक होता लखनौत जन्मलेला वारिस हुसेन, आणि निर्माती होती व्हेरिटी लँबर्ट. त्या काळच्या बीबीसीत एक तरुण बाई आणि एक भारतीय तरुण या जागांवर असणं हीच मोठी गोष्ट होती, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

तीन वर्षांत मालिका लोकप्रिय झाली आणि हार्टनेलची तब्येत ढासळली. तेव्हा मालिकेचे भाग जवळजवळ नाटकासारखे सलग चित्रित होत. चुकलं की पुन्हा घेण्याची चैन फारशी नसे. संवाद लक्षात ठेवणं त्याला जड जाऊ लागलं. मालिका बंद करायची नव्हती. मग करायचं काय?

दोन रस्ते नेहमीचे होते. एक, काही न बोलता दुसरा नट आणायचा. जेम्स बाँडच्या चित्रपटांनी १९६९ मध्ये शॉन कॉनरीच्या जागी जॉर्ज लेझनबीला आणून हेच केलं. दोन, नायकाला मारून त्याचा मुलगा किंवा शिष्य पुढं आणायचा. लेखकांनी तिसरा रस्ता काढला. डॉक्टर हा मुळात पृथ्वीवरचा नाहीच. मग त्याचं शरीर थकलं की ते स्वतःला नव्यानं घडवतं, असं का नसावं? आठवणी त्याच, माणूस तोच, देह मात्र नवा. २९ ऑक्टोबर १९६६ रोजी दाखवलेल्या भागाच्या शेवटी हार्टनेल यानाच्या जमिनीवर कोसळतो, चेहऱ्यावर लखलखाट पसरतो आणि त्या उजेडात त्याचा चेहरा पॅट्रिक ट्राउटनच्या चेहऱ्यात मिसळून जातो. त्या भागाची चित्रफीत पुढं हरवली. हे काही सेकंद शिल्लक राहिले, कारण ते मुलांच्या दुसऱ्या एका कार्यक्रमात वापरले गेले होते.

नट बदलण्याची अडचणच कथानकाचा भाग झाली, याचं कौतुक नेहमी होतं आणि ते रास्तही आहे. पण माझ्या मते खरी हुशारी त्या लखलखाटात नाही. शरीर बदललं असं सांगितलं म्हणून प्रेक्षकाचं मन बदलत नाही. हुशारी आहे ती पुढच्या आठवड्याच्या कथेत.

साक्ष कोणाची?

नव्या डॉक्टरची पहिली कथा ५ नोव्हेंबर १९६६ पासून दाखवली गेली. तिची सुरुवात पाहण्यासारखी आहे. आज ती मूळ आवाज आणि नव्यानं काढलेली चलच्चित्रं अशाच रूपात पाहता येते. डॉक्टरबरोबर प्रवास करणारे दोन तरुण आहेत, पॉली आणि बेन. पॉलीला वाटतं हा आपलाच डॉक्टर असावा. खलाशी असलेल्या बेनला हे अजिबात पटत नाही. नवा डॉक्टर ठेंगणा, विस्कटलेल्या केसांचा, बासरीसारखं वाद्य वाजवणारा. तो धड कबूलही करत नाही. जुन्या डॉक्टरबद्दल असं बोलतो, जणू तो कोणी तिसराच. जुनी अंगठी बोटात घालून पाहतो तर ती सैल होऊन गळून पडते. बेनचा संशय आणखी पक्का होतो.

इथं लेखकांनी काय केलं ते नीट पाहा. घरी बसलेल्या प्रेक्षकाच्या मनात जी शंका होती ती त्यांनी झाकली नाही. उलट ती कथेतल्याच एका पात्राच्या तोंडी घातली. "हा तो नव्हे" असं बेन म्हणाला की प्रेक्षकाला वाटतं, चला, आपल्या बाजूनं कोणीतरी बोललं. आता बेनला पटलं तर आपल्यालाही पटेल.

आणि बेनला पटवून देतो कोण? शत्रू! डालेक नावाचे निर्दयी यंत्रकवची प्राणी पहिल्या वर्षापासून डॉक्टरचे वैरी. त्यातला एक डालेक नव्या डॉक्टरकडं पाहतो आणि त्याला ओळखतो. मित्र मायेपोटी फसेल, पॉलीला तो डॉक्टर असावासा वाटत असेल म्हणून ती मान डोलावेल. वैऱ्याला कसली माया? त्यानं ओळखलं म्हणजे प्रश्न मिटला.

माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म इथं आहे. नवा नट जुन्या नटासारखा दिसतो का, बोलतो का, यावर त्याचा स्वीकार ठरत नाही. त्याच्याभोवतीची पात्रं त्याच्याकडं कशी पाहतात यावर ठरतो. ओळख एकट्याची नसते, ती साक्षीदारांची असते. आचार्य अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच'मध्ये हीच गोष्ट उलटी केलेली आहे. तिथं नट एकच, प्रभाकर पणशीकर, आणि रूपं पाच. लखोबा लोखंडे कोर्टात उभा राहून 'तो मी नव्हेच' म्हणत राहतो आणि एकेक साक्षीदार येऊन 'हाच तो' म्हणून बोट दाखवतो. १९६२ पासून पुढं कित्येक वर्षं प्रेक्षकांनी लखोबाचा शब्द मानला नाही, साक्षीदारांचा मानला.

आमच्याकडं नव्या गोऱ्ह्याला कामाला लावतात तेव्हा त्याला दुसऱ्या गोऱ्ह्याबरोबर जुंपत नाहीत. जोडीला मुरलेला बैल देतात. बांधीत चिखलणी करताना कुठं वळायचं, धुऱ्याशी कुठं थांबायचं, हे त्या जुन्या बैलाच्या अंगातच असतं. नवा त्याच्या खांद्याला खांदा लावून चालतो आणि पाहणाऱ्याला जोडी दिसते. मालिकेत हा जुन्या बैलाचा भार सोबतच्या पात्रांवर असतो. म्हणूनच नायक आणि त्याचा सोबती एकाच वेळी बदलायला निर्माते सहसा धजत नाहीत. आणि तसं करणं भाग पडलंच, तर दुसरी एखादी मुरलेली खूण शोधावी लागते.

१९७० मध्ये तशीच वेळ आली. ट्राउटन गेला, त्याचे सोबतीही गेले, मालिका रंगीत झाली आणि जॉन पर्टवी नवा डॉक्टर झाला. पहिल्याच भागात तो यानातून बाहेर कोसळतो आणि त्याला इस्पितळात नेतात. ओळखीचा लष्करी अधिकारी येऊन पाहतो तर चेहरा परका. पण इस्पितळातल्या डॉक्टरांना तपासणीत कळतं की या रुग्णाला दोन हृदयं आहेत. चेहऱ्यावरून पटेना, तर छातीत पुरावा ठेवला. दोन हृदयांची गोष्ट मालिकेत तेव्हाच पहिल्यांदा आली. नट बदलण्याच्या गरजेतून पात्राला नवा अवयव मिळाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या तरी ऐकण्यात नाही.

२००५च्या नाताळात डेव्हिड टेनंट आला तेव्हा आणखी वेगळी युक्ती केली. नव्या डॉक्टरला बहुतेक वेळ पायजम्यात झोपवून ठेवलं! तिकडं परग्रहावरचे लोक लंडनच्या डोक्यावर येऊन ठाकलेत, सोबती रोझ एकटी हतबल झालीय, आणि हा घोरतोय. सुरुवातीला प्रेक्षकाला या नव्या माणसाबद्दल कुतूहलही नसतं, थोडा रागच असतो. अर्ध्याहून जास्त गोष्ट झाल्यावर मात्र तोच म्हणू लागतो, अरे, आता तरी उठव त्याला. तो उठतो, आणि उठल्यावर काही मिनिटांत सगळं आवरतो. ज्याची वाट पाहिली त्याला परका कसं म्हणणार?

२०१४ मध्ये तर जुन्या डॉक्टरनंच साक्ष दिली. पीटर कपाल्डी वयानं मोठा, चेहऱ्यानं कठोर, आणि त्याच्या आधीचा मॅट स्मिथ तरुण, लाडका. सोबती क्लारा नव्याला सोडून जायच्या बेतात असते, तेवढ्यात तिला फोन येतो. फोनवर जुना डॉक्टर. कायापालट होण्याच्या आधीच्या क्षणातून त्यानं तो केलेला असतो. पुढं जो येईल तो घाबरलेला असेल, त्याला सांभाळ, असं तो सांगतो. काळातून प्रवास करणाऱ्या माणसाच्या मालिकेतच हे शक्य.

┌──────────────────────
चौकट : डॉक्टरचे चेहरे

विल्यम हार्टनेल (१९६३–६६), पॅट्रिक ट्राउटन (१९६६–६९), जॉन पर्टवी (१९७०–७४), टॉम बेकर (१९७४–८१), पीटर डेव्हिसन (१९८१–८४), कॉलिन बेकर (१९८४–८६), सिल्व्हेस्टर मॅकॉय (१९८७–८९), पॉल मॅगॅन (१९९६चा चित्रपट), ख्रिस्तोफर एक्लस्टन (२००५), डेव्हिड टेनंट (२००५–१०), मॅट स्मिथ (२०१०–१३), पीटर कपाल्डी (२०१३–१७), जोडी व्हिटेकर (२०१७–२२), पुन्हा डेव्हिड टेनंट (२०२२–२३), शूटी गॅटवा (२०२३–२५).

सगळ्यात जास्त वर्षं टॉम बेकर. पहिली स्त्री डॉक्टर जोडी व्हिटेकर.
└──────────────────────

विंगेतली तयारी

मराठी व्यावसायिक नाटकात नट बदलण्याला सरळ 'रिप्लेसमेंट' म्हणतात. अमक्याच्या जागी तमक्याची रिप्लेसमेंट. इथं लखलखाट नाही, दोन हृदयं नाहीत, फोनही नाही. तारखा लागलेल्या असतात, थिएटर आरक्षित असतं, तिकिटं गेलेली असतात. नव्या नटाच्या हातात संहिता पडते. तीही मूळ छापलेली नव्हे, तर प्रयोग होता होता कापलेली, वाढवलेली, पेन्सिलच्या खुणांनी भरलेली. तो काही प्रयोग प्रेक्षकांत बसून पाहतो, काही विंगेत उभं राहून. विंगेतून जे दिसतं ते समोरून दिसत नाही. कुठल्या वाक्यावर हशा येतो आणि तो ओसरेपर्यंत किती थांबायचं, प्रकाश नेमका कुठं पडतो, कुठली खुर्ची डगमगते, काठी कुठं ठेवली म्हणजे पुढच्या प्रवेशात हाताशी येते, हे तिथंच कळतं. कोटाची बाही आखूड पडली तर शिंपी ती रात्रीतून सोडवून देतो. झाडीपट्टीत या सगळ्याला वेळच नसतो. तालमी कमी, नाटक रात्रभराचं, त्यामुळं प्रॉम्प्टरचं वजन मोठं. विंगेतून त्याचा आवाज येतोय हे पुढच्या रांगेतल्या पोरालाही ऐकू येतं आणि कोणाची त्याला हरकत नसते.

पण नव्या नटापेक्षा जास्त मेहनत जुन्या सहकलाकारांना पडते, हे बाहेर फारसं कोणाला ठाऊक नसतं. शंभर प्रयोग एका माणसाच्या डोळ्यांत पाहून संवाद म्हटलेले असतात. त्याचा श्वास कुठं तुटतो ते कानाला माहीत असतं. आता तिथं दुसरे डोळे, दुसरा श्वास. समोरच्या नटीची नजर एक क्षण जरी 'हा कोण?' म्हणाली तर शेवटच्या रांगेपर्यंत तसंच दिसतं. तिनं रोजच्यासारखं त्याच्याकडं पाहिलं, की निम्मं काम झालं.

वि. वा. शिरवाडकरांचं 'नटसम्राट' २३ डिसेंबर १९७० रोजी गोवा हिंदु असोसिएशननं रंगमंचावर आणलं. दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर, नायक गणपतराव बेलवलकर डॉ. श्रीराम लागू, त्यांची पत्नी कावेरी शांता जोग. लागूंनंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त, उपेंद्र दाते अशा नटांनी बेलवलकर उभे केले, आणि २०१६ मध्ये चित्रपटात नाना पाटेकरांनी. आजही चार नाट्यवेडे जमले की कोणाचे बेलवलकर भारी, यावर वाद झडतो. या वादात एक गोष्ट कोणी बोलत नाही, कारण ती सगळ्यांनी गृहीत धरलेली असते: बेलवलकर एकच आहेत. तुलना करायला बसलो म्हणजे नट निरनिराळे आणि माणूस एक, हे आपण केव्हाच कबूल केलेलं असतं.

याहून जुनं उदाहरण संगीत नाटकाचं. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' १८८० मध्ये पुण्यात आलं. किर्लोस्कर मंडळीतले भाऊराव कोल्हटकर स्त्रीभूमिकांत असे गाजले की त्यांच्या गळ्यावर लोक जीव टाकायचे. १९०१ मध्ये ते गेले. १९०५ मध्ये मिरजेला त्याच कंपनीत, त्याच नाटकात, १७ वर्षांचा नारायण राजहंस शकुंतला म्हणून उभा राहिला. तोच पुढचा बालगंधर्व. पदं लोकांना तोंडपाठ होती आणि ती ऐकायलाच लोक येत. पद ओळखीचं असलं की गाणाऱ्याचं नवेपण बोचत नाही. उलट, हा हीच जागा कशी घेतो, याची उत्सुकता लागते. तिथं साक्ष चालीनं दिली.

आता माझ्याच म्हणण्याला अडचणीत टाकणारा दाखला. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा एकपात्री प्रयोग. लक्ष्मण देशपांड्यांनी स्वतः लिहिला आणि एकट्यानं ५२ पात्रं उभी केली. त्यांच्या निधनानंतर संदीप पाठक तो करू लागले. इथं रंगमंचावर दुसरं कोणी नाहीच. ना पॉली, ना बेन, ना कावेरी. नव्याकडं ओळखीच्या नजरेनं पाहणार कोण? मी याचा असा उलगडा करतो, की ती साक्ष प्रेक्षागृहातून येते. वऱ्हाडातली माणसं, त्यांची बोली, विमानतळावरची धांदल बहुतेकांना कॅसेटवरून पाठ असते. पुढं काय येणार हे माहीत असलेला प्रेक्षक वाक्य पुरं व्हायच्या आधीच हसतो, आणि त्या हशानं शेजारच्या नवख्याला कळतं की गडी बरोबर आहे. तरीही असली रिप्लेसमेंट सगळ्यात अवघड, यात वाद नाही. खांदा लावायला कोणीच नसतं.

फसतं कुठं

दोन ठिकाणी. एक, नव्यानं जुन्याची नक्कल केली तर. नक्कल कितीही चांगली असली तरी प्रेक्षक ती अस्सलाशी ताडून पाहतो आणि ताडून पाहिलं की कमी पडलेलंच दिसतं. ट्राउटननं हे ओळखलं होतं. त्यानं हार्टनेलचा चिडका म्हातारा करायचं टाळलं आणि एक खोडकर भटक्या उभा केला. पुढं ती पद्धतच पडली. म्हाताऱ्यानंतर भटक्या, भटक्यानंतर झकपक कपड्यांचा रुबाबदार पर्टवी, त्याच्यानंतर लांबलचक मफलर गुंडाळलेला टॉम बेकर. दोघांत साम्यच नसेल तर तुलना कुठून सुरू करायची हेच प्रेक्षकाला कळत नाही, आणि तेवढ्यात नवा नट आपली जागा धरतो.

दुसरं, निरोप नीट दिला नाही तर. १९८६ मध्ये बीबीसीनं कॉलिन बेकरला काढलं. कायापालटापुरतं परत ये म्हटल्यावर त्यानं नकार दिला, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही दिला असता. मग १९८७ मध्ये नव्या सिल्व्हेस्टर मॅकॉयलाच जुन्याचे रंगीबेरंगी कपडे चढवले, कुरळ्या सोनेरी केसांचा टोप घातला आणि यानाच्या जमिनीवर पालथं टाकलं. त्याला उलटवतात, चेहऱ्यावर धूसर उजेड पसरतो आणि झाला बदल. मॅकॉय नट चांगला होता, पण या प्रवेशावर लोक आजही हसतात. जाणाऱ्याचा चेहरा शेवटचा पाहायला मिळाला नाही, तर येणाऱ्याच्या चेहऱ्यावर लक्ष बसत नाही.

आपल्या दूरचित्रवाणी मालिकांत निरोपाची पद्धत अशी नाहीच. एका सोमवारी नवा चेहरा येतो आणि घरातली सगळी त्याच्याशी कालच्यासारखी बोलू लागतात. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली शनाया रसिका सुनीलची होती, मग ईशा केसकरची झाली आणि काही काळानं पुन्हा रसिकाची. मालिका चालू राहिली, कारण शनायाला शनाया म्हणणारी बाकीची माणसं जागेवर होती. रोज अर्धा तास भेटणाऱ्या मालिकेला हे परवडतं. आठवड्यानं किंवा वर्षानं भेटणाऱ्या मालिकेला प्रेक्षकाची मशागत आधीपासून करावी लागते.

आधी बातमी, मग नट

म्हणून 'डॉक्टर हू'चा नवा नट पडद्यावर यायच्या कितीतरी आधी बातमीत येतो. ४ ऑगस्ट २०१३ रोजी कपाल्डीचं नाव जाहीर करायला बीबीसीनं चक्क थेट प्रक्षेपणाचा कार्यक्रम केला. १६ जुलै २०१७ रोजी विम्बल्डनचा पुरुषांचा अंतिम सामना संपल्यावर एक छोटी चित्रफीत दाखवली: झाडीतून चालत येणारी, टोपी मागं सारणारी जोडी व्हिटेकर. ती पडद्यावर डॉक्टर झाली त्या वर्षीच्या नाताळात. मधल्या महिन्यांत लोकांनी भरपूर भांडून घेतलं. बाई डॉक्टर कशी, यावर तावातावानं बोलणाऱ्यांना बोलायला वेळ मिळाला. ज्यांनी बालगंधर्वांची शकुंतला डोक्यावर घेतली त्यांच्या नातवंडा-पणतवंडांना हा वाद थोडा मजेशीर वाटावा. पण या भांडणाचाही उपयोग होतो. राग आधीच काढून झालेला असला, की पहिल्या भागाला माणूस निदान पाहायला बसतो.

३१ मे २०२५ रोजी मात्र बीबीसीनं हा क्रम मोडला. शूटी गॅटवाच्या डॉक्टरचा कायापालट झाला तो आधी काही न सांगता, आणि उजेडातून चेहरा आला बिली पायपरचा. पायपर म्हणजे २००५ची रोझ. टेनंट पायजम्यात झोपला होता तेव्हा त्याच्या उशाशी बसून 'हाच का तो?' असं ज्या मुलीच्या डोळ्यांनी आपण पाहत होतो, तीच. साक्षीदारालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. शेवटच्या श्रेयनामावलीत तिची ओळख करून देणारी ओळ होती, पण भूमिकेच्या जागी डॉक्टर असं लिहिलेलं नव्हतं. आधीच्या नटांच्या वेळी ते लिहिलं जायचं. ती डॉक्टर आहे, रोझ आहे की आणखी कोणी, हे त्या भागात कोणत्याही पात्रानं सांगितलं नाही, कारण सांगायला पडद्यावर दुसरं कोणी उरलंच नव्हतं.